सत्तर टक्क्यांचा हिशेब: ग्रेट बेअर रेनफॉरेस्टचं प्रकरण

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल सीडरची काही जुनी झाडं अशी सापडतात की त्यांच्या बुंध्यात चौकोनी खाच पाडलेली असते. ती ना पाखराने केलेली, ना विजेने. होडी कोरायला झाड निवडायचं तर आधी गाभा निरोगी आहे का ते बघावं लागतं. म्हणून पूर्वी कारागीर झाड पाडण्याआधी अशी खाच पाडून आत डोकावत. गाभा कुजका निघाला की झाड तसंच सोडून द्यायचे. झाड जगायचं आणि जखमेच्या कडेने नवं लाकूड धरायचं. त्या कडेची वलयं मोजली की खाच किती सालची ते कळतं.

हे साल महत्त्वाचं आहे, कारण हा किनारा ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाच्या वारसा कायद्यानुसार १८४६ पूर्वीची खूण असलेल्या झाडाला आपोआप संरक्षण मिळतं. १८५० ची असेल तर आपोआप मिळत नाही. १८४६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने सीमेचा करार केला आणि तिथून पुढे या भूमीवर ब्रिटिश सत्ता सुरू झाली, असं न्यायालयं धरतात. म्हणजे झाड कोणी खाचलं याला महत्त्व नाही, लंडन-वॉशिंग्टनच्या सह्यांआधी खाचलं की नंतर, याला आहे. या किनाऱ्याच्या नियोजनाची तीस वर्षांची गुंतागुंत या एका खाचेत बसते.

जागा

आज ज्याला ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट म्हणतात तो जंगलपट्टा: व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेपासून अलास्काच्या हद्दीपर्यंत, ६४ लाख हेक्टर. महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा, कोकण विभागाची दुप्पट. पण कोकणासारखा सलग रस्ता इथे शोधू नका. हिमनद्यांनी कोरलेल्या अरुंद खोल खाड्या, मध्ये शेकडो बेटं, आणि गावागावांत जायला होडी, फेरी नाहीतर पाण्यावर उतरणारं विमान. बेला बेला, क्लेमटू, हार्टली बे ही गावं नकाशावर शेजारी दिसतात, पण एकातून दुसऱ्यात जायचं तर हवामान काय म्हणतंय ते आधी बघावं लागतं. ओशन फॉल्स नावाच्या गावात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबोलीकरांना आकड्याचं अप्रूप वाटणार नाही, पण तिथे तो चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर रिपरिपत राहतो. या ओलीमुळे इथे वणवा क्वचितच लागतो. वणवा नाही म्हणून झाडं म्हातारी होतात. सीडर, सिटका स्प्रूस, हेमलॉक शेकडो वर्षं उभे राहतात. इथल्या सरकारी आदेशांत 'जुनं जंगल' म्हणजे अडीचशे वर्षांपुढचं.

या जंगलाचं खत समुद्रातून येतं. सॅमन मासे अंडी घालायला नद्यांतून वर चढतात, अस्वलं ते पकडतात आणि निवांत खायला झाडीत नेतात. निम्मा मासा तिथेच पडून राहतो. व्हिक्टोरिया विद्यापीठाचे टॉम राइमकेन यांनी झाडांच्या वाढवलयांत नायट्रोजनचं ते जड रूप शोधलं जे समुद्रातून येतं. त्यामुळे काठावरचं जंगल तोडणं म्हणजे मासेमारी बिघडवणं, आणि मासे संपवणं म्हणजे झाडं उपाशी ठेवणं, हे इथे अलंकारिक बोलणं राहत नाही. आजच्या नियमांत महत्त्वाच्या मत्स्य-अधिवासाला लागून ठेवायची राखीव पट्टी झाडाच्या उंचीच्या दीडपट असते. मोजमापाचं एकक झाडच, हे मला फार आवडतं.

याच पट्ट्यात काळ्या अस्वलांची एक जात राहते, जिच्यातली काही पिल्लं पांढरी निपजतात. आईबाप दोघांकडून एकेक अप्रभावी जनुक आलं तरच. इंग्रजीत त्यांना 'स्पिरिट बेअर' म्हणतात. किनाऱ्यावरची कथा सांगते की सगळं बर्फाखाली होतं त्या दिवसांची आठवण राहावी म्हणून कावळ्याने दर दहातलं एक अस्वल पांढरं केलं. शास्त्रज्ञांनी पाहिलं की दिवसाउजेडी पांढरं अस्वल काळ्यापेक्षा जास्त मासे पकडतं. माशाला खालून उजळ आकाशापुढे ते कमी दिसत असावं.

भांडण

सरकारी कागदांत या भागाचं नाव होतं 'मिड-कोस्ट टिंबर सप्लाय एरिया', म्हणजे मध्य किनारा लाकूड-पुरवठा क्षेत्र. 'ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट' हे नाव पर्यावरणवाद्यांनी १९९० च्या दशकात दिलं. वखारीच्या नावाच्या जागी अस्वलाचं नाव आलं आणि अर्धी लढाई तिथेच झाली. अनेक स्थानिकांना हे नाव आवडलं नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं. त्या भूमीला हेल्टसुक, किटासू, गिटगाट, न्यूझाल्क अशा मूळ रहिवासी लोकांची स्वतःची नावं होतीच. दोन्ही बाजूंच्या परक्यांनी बारसं करून टाकलं होतं.

ठिणगी मात्र याच्या दक्षिणेला पडली होती. १९९३ च्या उन्हाळ्यात व्हँकुव्हर बेटावरच्या क्लायोक्वाट साउंडमध्ये सरसकट तोडीविरुद्ध लोक रस्त्यावर बसले आणि ८५० हून अधिक जणांना अटक झाली. तिथून चळवळीने एक धडा घेतला: रस्ता अडवून ट्रक थांबतो, बाजार थांबत नाही. म्हणून ग्रीनपीस, सिएरा क्लब आणि इतर संघटना ग्राहकांच्या दारात गेल्या. जर्मनीतले कागद घेणारे, अमेरिकेतले लाकूड विकणारे. १९९७ मध्ये प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, ग्लेन क्लार्क यांनी या मंडळींना 'ब्रिटिश कोलंबियाचे शत्रू' म्हटलं. १९९९ मध्ये होम डेपो या अमेरिकी दुकानसाखळीने धोक्यातल्या जुन्या जंगलांचं लाकूड विकणं टप्प्याटप्प्याने बंद करू असं जाहीर केलं. शत्रूंशी बोलणी करणं आता कंपन्यांना स्वस्त पडत होतं.

२००० च्या सुमारास दोन्ही बाजूंनी हात आखडते घेतले. कंपन्यांनी अस्पर्श खोऱ्यांत तोड थांबवली, संघटनांनी बाजारातली मोहीम सैल केली. ४ एप्रिल २००१ रोजी तडजोडीची पहिली चौकट जाहीर झाली: २० खोरी कायमची राखायची, आणखी ६८ खोऱ्यांत निर्णय होईपर्यंत तोड नाही. जाहीर करणारे प्रीमियर होते उज्जल दोसांझ, जालंधर जिल्ह्यात जन्मलेले. पुढच्याच महिन्यात त्यांचा पक्ष निवडणुकीत सपाटून आपटला. अशा वेळी असे करार साधारण कचऱ्याच्या टोपलीत जातात. हा गेला नाही, कारण तो सरकारचा नव्हताच. बाजार, संघटना आणि किनाऱ्यावरची राष्ट्रं (मूळ रहिवाशांचे समूह, कॅनडात त्यांना 'फर्स्ट नेशन्स' म्हणतात) यांनी तो धरून ठेवला होता.

हे प्रकरण वर्गात मांडलं की पर्यावरणवाले आणि कंपन्या यांच्या गोष्टीवरच चर्चा थांबते. कारण ती सिनेमासारखी आहे. पण कंपन्यांचं आणि संघटनांचं जमलं म्हणून जंगल वाचलं असतं तर २००१ नंतर पंधरा वर्षं लागली नसती. तिसरा पक्ष खरा मालक होता.

मालक कोण

ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतांश भागात या राष्ट्रांशी कधी तहच झाले नाहीत. बाकी कॅनडाच्या बऱ्याच भागात निदान कागदावर जमिनी घेतल्या गेल्या. इथे नुसत्याच धरल्या गेल्या. १८६२ च्या देवीच्या साथीने गावंच्या गावं ओस पाडली. १८८५ ते १९५१ पॉटलॅच या दान-समारंभावर कायद्याने बंदी होती, आणि पॉटलॅच हीच तर वहिवाटीचे हक्क सगळ्यांसमोर सांगण्याची, साक्षीदारांना दान देऊन पक्के करण्याची जागा. आपल्याकडे सातबारा जाळावा तसं झालं. डिसेंबर १९९७ मध्ये डेलगामूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भूमीवरचा मूळ हक्क संपलेला नाही आणि तोंडी इतिहास पुरावा म्हणून चालतो. २००४ च्या, हैडा राष्ट्राच्या खटल्यातल्या निकालाने पुढची पायरी गाठली: हक्क सिद्ध व्हायच्या आधीसुद्धा सरकारने सल्लामसलत केलीच पाहिजे.

२००० मध्ये किनाऱ्यावरची राष्ट्रं एकत्र आली, आणि त्यातून 'कोस्टल फर्स्ट नेशन्स' ही आघाडी उभी राहिली. दक्षिणेकडच्या राष्ट्रांची पुढे नानवाकोलास कौन्सिल झाली. त्यांनी टेबलाची रचनाच बदलायला लावली. आधी सगळे हितसंबंधी एका टेबलावर बसले: कामगार, पर्यटनवाले, कंपन्या, संघटना, नगरपालिका. त्यांच्या शिफारशी तयार झाल्यावर दुसरं टेबल, ज्यावर फक्त दोघं: प्रांत सरकार आणि त्या त्या राष्ट्राचं सरकार. सरकार-सरकार बोलणी. किनाऱ्याची राष्ट्रं 'हितसंबंधी' नाहीत, एवढी साधी गोष्ट बसण्याच्या जागेतून मान्य झाली.

आपल्या पश्चिम घाटाच्या वादाशी तुलना करायचा मोह होतो, एवढीच करतो: गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात मसुदा ग्रामसभांपर्यंत न्या म्हणून सांगितलं होतं, पण वाद पेटला तो नकाशात कोणतं गाव आलं या यादीवर, आणि अजून मसुद्यांवर मसुदे निघताहेत. इथे टेबल आधी आलं, यादी नंतर.

आकडा

शास्त्रज्ञांचं काय? २००२ मध्ये 'कोस्ट इन्फर्मेशन टीम' नावाचं स्वतंत्र पथक बसवलं. पैसे प्रांत सरकार, केंद्र, कंपन्या आणि संघटना या सगळ्यांनी घातले, म्हणजे कोणा एकाचं पथक असा शिक्का बसला नाही. काम दोन वर्षं चाललं. कोणती खोरी राखली तर सॅमन, अस्वलं, जुनी झाडं यांची ठरलेली लक्ष्यं कमीत कमी जागेत पुरी होतात, याचे संगणकावर असंख्य मेळ घालून पाहिले. पण त्यांनी दिलेली खरी चीज नकाशा नव्हती. ती एक मोजपट्टी होती.

माणसाने तोड केलीच नसती तर एखाद्या प्रकारच्या जमिनीवर जुनं जंगल किती असतं, हा झाला नैसर्गिक साठा. त्याच्या ७० टक्के जुनं जंगल राहिलं तर परिसंस्थेला धोका कमी. ३० टक्क्यांखाली गेलं तर धोका मोठा. मधल्या पट्ट्यात जसं खाली जाल तसा धोका वाढतो. पथकाने 'इतकंच ठेवा' असं म्हटलं नाही. 'इतकं ठेवलंत तर इतका धोका पत्कराल' असं म्हटलं. पत्करायचा किती, ते टेबलावरच्यांनी ठरवायचं.

धोका मोजणं आणि तो किती पत्करायचा ते ठरवणं, हे वेगळं ठेवण्यात सगळी करामत आहे असं माझं मत. तोवरचं भांडण 'हे खोरं की ते खोरं' असं होतं, आणि तशा भांडणात एक जिंकतो, एक हरतो. आकडा आल्यावर भांडण 'किती धोका, किती वर्षांत, किती रोजगाराच्या बदल्यात' यावर आलं. या भांडणात सौदा होऊ शकतो.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. ७० टक्के म्हणजे एकूण क्षेत्राचे ७० टक्के नव्हे. नैसर्गिक साठ्याचे. आणि तो हिशेब एकत्र सरासरीने धरला तर फसगत होते, कारण डोंगरमाथ्यावरचं खुरटं जंगल राखून खोऱ्यातलं धिप्पाड जंगल तोडता येतं. बेरीज बरोबर, जंगल चूक. म्हणून हिशेब जमिनीच्या प्रकारानुसार आणि भूभागाच्या एकेका तुकड्यात वेगवेगळा मांडला गेला.

७ फेब्रुवारी २००६ रोजी प्रीमियर गॉर्डन कॅम्बेल यांच्या सरकारने करार जाहीर केला. क्षेत्राचा सुमारे एक तृतीयांश संरक्षित, आणि त्यासाठी 'कन्झर्व्हन्सी' नावाचा नवा कायदेशीर प्रकार. नेहमीच्या राष्ट्रीय उद्यानात माणूस पाहुणा असतो. कन्झर्व्हन्सीत व्यापारी लाकूडतोड आणि खाणकाम बंद, पण स्थानिक राष्ट्रांचं मासे धूर देऊन टिकवणं, साल काढणं, समारंभ हे सगळं हक्काने चालू. मार्च २००९ मध्ये उरलेल्या क्षेत्रावरचे तोडीचे नियम आले आणि एकूण लक्ष्य ठरलं ५० टक्के. सत्तर नव्हे. पाच वर्षांत सत्तरकडे कसं जायचं ते मिळून ठरवू, असं वचन देऊन. पाचाची सात झाली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी अंतिम आकडे आले: ३६ लाखांच्या वर हेक्टर जंगलापैकी ८५ टक्के, म्हणजे ३१ लाख हेक्टर, तोडीला कायमचं बंद. उरलेल्या साडेपाच लाख हेक्टरवर कडक नियमांखाली तोड, वर्षाला २५ लाख घनमीटरपर्यंत, दहा वर्षांसाठी. २६ फर्स्ट नेशन्स, पाच कंपन्या, तीन संघटना आणि प्रांत सरकार यांच्या संमतीने. त्याच वर्षी त्याचा कायदा झाला.

पैसा

ओशन फॉल्सची कागद गिरणी १९८० मध्ये बंद पडली आणि हजारोंचं गाव मूठभरांवर आलं. रिकाम्या इमारती अजून पावसात भिजत उभ्या आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला जंगल वाचवण्याविषयी बोलायला गेलात की त्याच्या डोळ्यांपुढे हे गाव असतं. म्हणून पैशाचा प्रश्न शेवटी घ्यायचा नाही, हे ठरलं होतं.

निधी १२ कोटी कॅनेडियन डॉलरचा. ६ कोटी खासगी देणगीदारांचे, ३ कोटी प्रांताचे, ३ कोटी केंद्राचे. देणगीदारांची अट होती की आधी कायदेशीर संरक्षण आणि सरकारी वाटा, मगच आमचा. खासगी पैसा संवर्धनासाठी कायमचा ठेवला, फक्त त्याचं उत्पन्न वापरायचं. सरकारी पैसा राष्ट्रांच्या उद्योगांसाठी. ही विभागणी हुशारीची आहे: रक्षकांचा पगार निवडणुकीवर अवलंबून राहत नाही. 'गार्डियन वॉचमन' म्हणजे होडीतून फिरून खेकड्यांचे बेकायदा सापळे, अस्वलं, पर्यटक यांच्यावर नजर ठेवणारे गावचे रक्षक. त्यांना बरीच वर्षं फक्त नजरच ठेवता यायची, दंड करता यायचा नाही. २०२२ मध्ये किटासू-खाय'खाय आणि न्यूझाल्क यांच्या रक्षकांना प्रांताच्या उद्यान-अधिकाऱ्यांसारखे अधिकार देण्याचा प्रयोग सुरू झाला. क्लेमटूमध्ये अस्वलं दाखवणारं अतिथिगृह गावाच्याच मालकीचं आहे.

आराखड्याच्या भोकांतून

नाव अस्वलाचं, पण अस्वल मारायचा परवाना आराखड्याने काढून घेतला नव्हता. झाड सुरक्षित, त्याखालचं ग्रिझली अस्वल शिकाऱ्याच्या दुर्बिणीत. किनाऱ्याच्या राष्ट्रांनी २०१२ मध्ये स्वतःच्या कायद्याने हौशी शिकार बंद जाहीर केली, सरकारने मानली नाही. रेनकोस्ट नावाच्या संस्थेने वेगळीच वाट काढली: २००५ पासून शिकारीचे व्यापारी हक्क सरळ विकत घ्यायला लागली. शिकारीची कंपनी, शिकार न करणारी. प्रांताने ग्रिझलीची शिकार डिसेंबर २०१७ मध्ये बंद केली.

दुसरं भोक जास्त मोठं: आराखडा भरतीच्या रेषेवर संपत होता. फेब्रुवारी २००६ मध्ये करार जाहीर झाला आणि २२ मार्चला 'क्वीन ऑफ द नॉर्थ' ही प्रवासी फेरी गिल बेटाजवळ बुडाली. मध्यरात्र उलटल्यावर हार्टली बेचे लोक आपापल्या होड्या घेऊन निघाले. ९९ जण वाचले, दोघांचा पत्ता लागला नाही. २०१६ चा करार फेब्रुवारीत झाला आणि ऑक्टोबरमध्ये 'नेथन ई. स्टुअर्ट' ही टग, म्हणजे दुसरी जहाजं ओढणारी-ढकलणारी बोट, बेला बेलाजवळ खडकावर चढली. सुमारे १,१०,००० लिटर डिझेल पाण्यात, हेल्टसुकांच्या शिंपल्यांच्या जागेवर. सॅमन, अस्वल, झाड या साखळीचा उगम समुद्रात आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी परवाने आणि खाती किनाऱ्यावर दुभंगतात म्हणून आराखडाही तिथेच दुभंगला. कच्च्या तेलाच्या मोठ्या टँकरना उत्तर किनाऱ्याच्या बंदरांत बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा. समुद्रासाठी तसाच कायमचा निधी, ३३.५ कोटी डॉलरचा, जाहीर व्हायला २०२४ उजाडलं.

तिसरं भोक सीडरचं, आणि तिथे आकडा स्वतःच तोकडा पडतो. एकच जाडजूड सीडर तिघांना हवा असतो. कंपनीला, कारण बाजारात त्याचाच भाव. कारागिराला, कारण होडी, खांब, मोठं घर यांना सरळ, गाठी नसलेलं, आतून निरोगी खोड लागतं. आणि अस्वलाला, कारण आतून पोकळ झालेल्या जुन्या सीडरच्या ढोलीत मादी हिवाळा काढते आणि पिल्लं घालते. खाच पाडून नाकारलेलं झाड अस्वलाच्या कामाचं, ही त्यातली जुळणी. २०१६ च्या नियमांत अस्वलाच्या ढोलींना आणि वापराच्या खुणा असलेल्या झाडांना संरक्षण आहे. पण तोडीला मोकळ्या १५ टक्क्यांत कोणती झाडं उचलली जातात? जुनं जंगल किती उरलं हे मोजणारा आकडा त्यात सीडर किती, तेही होडीजोगा किती, हे सांगत नाही. सत्तर टक्के पाळूनही चांगला सीडर आधी वेचून नेता येतो. नानवाकोलासच्या राष्ट्रांनी म्हणून स्वतःच मोठ्या सीडरची गणना सुरू केली आणि तोडीआधी पाळायचे नियम बनवले. पिढ्यान्‌पिढ्या पुरेल इतका तो उरलेला नाही, हे त्यातून दिसतं.

दहा वर्षांची ती तोड-मर्यादा आता संपत आली आहे. पुढच्या हिशेबात सीडरचा रकाना वेगळा असावा, असं माझं मत: जमिनीच्या प्रकाराखाली दडलेला नको, झाडागणिक, जाडीगणिक, आणि त्यात आज होडीजोगी झाडं किती आणि आणखी दोनशे वर्षांनी तशी होतील अशी किती, हे दोन आकडे वेगवेगळे.